कणकुंबीची राळ, अथणीची राळ

[दृश्य : मेलिफेराच्या पेटीचं झाकण पटाशीने उचकटलं जातंय. कडांवर तांबूस-तपकिरी चिकटा.]

पेटीत ६ मिलिमीटरपेक्षा बारीक फट राहिली की मेलिफेरा, म्हणजे पाळीव युरोपीय मधमाशी, ती बुजवते. ज्याने बुजवते ते प्रोपोलिस. यातली राळ माशीच्या अंगात तयार होत नाही. कळीवरची, कोवळ्या पानावरची, सालीच्या जखमेतून पाझरणारी राळ ती जबड्याने ओढते, मागच्या पायांवर लादून आणते आणि तिच्यात मेण कालवते. ढोबळमानाने निम्मी राळ, ३० टक्के मेण, १० टक्के सुगंधी तेलं, बाकी परागकण आणि काडीकचरा. मेण माशीचं, राळ झाडाची.

त्यामुळे युरोपातल्या प्रोपोलिसमध्ये काळ्या पॉप्लर या झाडाच्या कळ्यांमधली पिनोसेम्ब्रिन, क्रायसिन, गॅलँजिन ही रसायनं सापडतात. ब्राझीलच्या हिरव्या प्रोपोलिसमध्ये बॅकॅरिस या झुडपातलं आर्टेपिलिन-सी असतं. त्याच देशाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं प्रोपोलिस तांबडं; ते शिसवीच्या गोतातल्या एका झाडाचं, म्हणून त्यात आयसोफ्लेवोनॉइड. क्यूबात क्लुसिया या झाडाच्या फुलांतून नेमोरोसोन येतं, तैवान आणि ओकिनावात मॅकॅरंगा या झाडातून प्रोपोलिन. माशी सगळीकडे तीच, मेलिफेरा.

[दृश्य : जांबोटीचं रान. मग अथणीकडचा ऊस, द्राक्षबाग, बांधावरची बाभळ.]

बेळगाव जिल्ह्यात हा फरक एका दिवसाच्या प्रवासात दिसतो. पश्चिमेला खानापूर तालुका : मलप्रभेचा उगम असलेलं कणकुंबी, जांबोटी, भीमगडचं जंगल. इथे फणस, आंबा, काजू, कोकम, धूप, चांदाडा. चांदाडा हा तैवानच्या मॅकॅरंगाचाच भाऊबंद. कोकम क्लुसियाच्या कुळातलं, आणि त्याच्या फळाच्या सालीतलं गार्सिनॉल नेमोरोसोनच्या जातकुळीतलं रसायन. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणी : कोरडा मुलूख, बाभळ, कडुनिंब, बांधावरचे आंबे. बाभळीचा डिंक पाहून फसू नये. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. माशीला फट बुजवायला राळच लागते.

आंब्याची राळ वेगळी लक्षात ठेवायची. थायलंड, इंडोनेशिया, म्यानमारच्या प्रोपोलिसमध्ये तिची खूण सापडते : कार्डॅनॉल, कार्डॉल आणि ट्रायटरपिन. काजूच्या टरफलाच्या तेलात असतात तेच फिनॉल. कैरीचा चीक ज्यांच्या अंगावर उततो, बिब्ब्याने ज्यांना फोड येतात, त्यांनी असलं प्रोपोलिस थेट कातडीला लावू नये.

सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, पेटीत मात्र प्रोपोलिस शोधत बसू नका. सातेरी ते जवळजवळ गोळाच करत नाही. नमुना हवा असेल तर मेलिफेराची पेटी हवी, किंवा भिंतीच्या भोकातल्या डंख नसलेल्या बारक्या माश्यांचं घर.

[दृश्य : आतल्या झाकणाच्या जागी प्लॅस्टिकची जाळी बसवली जाते.]

चौकटीच्या कडा खरवडून काढलेला माल तपासणीला चालत नाही. त्यात मेण जास्त येतं, रंगाचे पापुद्रे येतात, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. २ ते ३ मिलिमीटर भोकांची जाळी चौकटींवर ठेवायची आणि वरचं झाकण थोडं उचललेलं ठेवायचं. उजेड आणि वारा आत आला की माश्या भोकं बुजवू लागतात. भरलेली जाळी पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की राळ ठिसूळ होते. जाळी पिळली की तुकडे आपोआप गळतात. अथणीच्या उन्हात हेच काम करायला गेलात तर हाताला फक्त चिकटा लागेल. वर्षाकाठी एका पेटीतून ५० ते १५० ग्रॅम, त्याहून जास्तीची आशा धरू नये.

[दृश्य : प्रयोगशाळा. तपकिरी बाटली.]

अर्कासाठी १० ग्रॅम प्रोपोलिसचा भुगा, १०० मिलिलिटर ७० टक्के इथेनॉल, अंधारात ३ दिवस, रोज हलवायचं. गरम करायचं नाही, मेण विरघळून येतं. गाळून रात्रभर फ्रीजमध्ये, मग थंडगारच पुन्हा गाळायचं. रंगकामाचं स्पिरिट वापरू नये. त्यात मिथेनॉल असू शकतं.

खरी गफलत पुढे होते. अर्कात फ्लेवोनॉइड या गटातली रसायनं किती हे मोजायला ॲल्युमिनियम क्लोराइडची चाचणी करतात आणि ती ४१५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीवर वाचतात. ती त्या गटातले फ्लेवोन आणि फ्लेवोनॉल दाखवते. पिनोसेम्ब्रिनसारखे फ्लेवॅनोन तिला जेमतेम दिसतात आणि कार्डॅनॉल मुळीच नाही. म्हणजे आंब्याच्या राळेचं अस्सल प्रोपोलिस या कागदावर ‘फ्लेवोनॉइड कमी, दर्जा हलका’ ठरतं. पॉप्लरच्या मोजपट्टीने बेळगावचा माल मोजण्यात अर्थ नाही. त्यासाठी जीसी-एमएस किंवा एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून दाखवणारं यंत्र, लागतं. जोडीला आसपासच्या झाडांची राळही त्याच यंत्रातून काढायची आणि आलेखातली शिखरं जुळवायची. झाड असं ठरतं, अंदाजाने नाही.

उलट, ‘बेळगावचं’ म्हणून विकलेल्या बाटलीत पॉप्लरची रसायनं भरभरून निघाली, तर माल कुठून आणला हे विचारावं. आपल्या रानात पॉप्लर नाही.

[दृश्य : रस्त्याकडेला ठेवलेल्या पेट्या. मागे डांबरीकरण.]

राळेची झाडं कमी असतील तर माशी डांबरसुद्धा उचलते, ओला रंगही. म्हणून पेट्या नव्या रस्त्यापासून लांब ठेवायच्या. काळा, डांबराचा वास येणारा तुकडा निघाला तर ती जाळी पूर्ण बाद करायची. बाकीच्या प्रत्येक पिशवीवर गाव, महिना आणि पेटीच्या आसपासची झाडं लिहायची. खानापूरची पिशवी अथणीच्या पिशवीत ओतली की तपासणीचा कागद दोन्हींपैकी एकाचाही उरत नाही.