चिपळ्या आधी, नाद नंतर

नमस्कार मंडळी. व्हिडिओ संपादन करताना काही बिघडलं तर ते कसं शोधायचं, हे आज बघूया. एका कामाची गोष्ट सांगूनच सुरुवात करते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे कीर्तनाचं रेकॉर्डिंग घेऊन आला. पन्नास मिनिटांचं कीर्तन. चित्र मोबाइलवर घेतलेलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. त्याने दोन्ही टाइमलाइनवर, म्हणजे संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या लांब पट्टीवर, नीट बसवलं होतं आणि पूर्वरंगात सगळं जुळत होतं. उत्तररंग सुरू झाला तेव्हा मात्र बुवांच्या चिपळ्या मिटलेल्या दिसायच्या आणि नाद मागाहून यायचा. शेवटच्या अभंगाला तर जवळजवळ दीड सेकंदाचं अंतर पडलं होतं. त्याने शेवटाकडचा आवाज ओढून चित्राशी लावला, तर सुरुवात बिघडली. मग त्याने आवाज नऊ ठिकाणी कापला आणि एकेक तुकडा हाताने सरकवला. चार रात्री गेल्या. तरीही दोन कापांच्या मधे अंतर पुन्हा वाढतच होतं.

त्याची मेहनत पाहून मला गलबलून आलं. इतकं कष्टाने काम करणाऱ्या माणसाला कुणी एक साधी गोष्ट सांगितली नव्हती: टाइमलाइनवर काही बिघडलं की आधी हात बाजूला ठेवायचा आणि बिघाड कसा वागतो ते नुसतं बघायचं. अंतर सगळीकडे सारखं आहे, की हळूहळू वाढतंय, की एका ठिकाणी अचानक सुरू होतंय? या तीन वागणुकींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

पण त्याआधी टाइमलाइन म्हणजे काय हे मनात पक्कं करूया. आपल्याला वाटतं, तिथे आपला व्हिडिओ ठेवलाय. तिथे व्हिडिओ नसतोच. तिथे असते नोंद: अमुक फोल्डरमधली अमुक फाइल घे, तिच्या दुसऱ्या मिनिटापासून सात सेकंद दाखव, मग त्या दुसऱ्या फाइलमधले चार सेकंद. वाण्याच्या यादीत साखर लिहिलेली असते, साखर यादीत नसते. म्हणूनच तासाभराच्या कामाची प्रोजेक्ट फाइल एवढीशी असते. माझ्याकडे लोक पेनड्राइव्हवर तेवढीच फाइल आणतात आणि उघडल्यावर सगळीकडे लाल पट्टा दिसतो, ‘मीडिया ऑफलाइन’. काहीही पुसलं गेलेलं नसतं. मूळ फाइल घरी आहे, किंवा फोल्डरचं नाव बदललंय, किंवा बाहेरची हार्ड डिस्क काल ‘ई’ होती ती आज ‘एफ’ झालीय. अशा वेळी क्लिप काढून नव्याने टाकू नका, केलेले सगळे काप जातील. प्रीमियर आणि दाव्हिंची रिझॉल्व्ह ही संपादनाची सॉफ्टवेअर. प्रीमियरमध्ये ‘लिंक मीडिया’ आणि रिझॉल्व्हमध्ये ‘रीलिंक’ असा पर्याय असतो. फाइल आता कुठे आहे तेवढं दाखवलं की काम जिथल्या तिथे परत येतं. आणि काम सुरू करण्याआधी सगळा माल एका फोल्डरमध्ये आणा. डाउनलोड्समधून थेट टाइमलाइनवर ओढलेली फाइल पुढच्या साफसफाईत हमखास जाते.

आता पुन्हा कीर्तनाकडे येते.

अंतर पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखंच असेल तर घाबरायचं कारण नाही, आवाजाची पट्टी तेवढी सरकवायची. पण त्याआधी कानातलं यंत्र बघा. ब्लूटूथ इअरफोनवर आवाज मुळातच उशिरा पोचतो. एका ताईंनी त्या भरवशावर अख्खी फिल्म ‘दुरुस्त’ केली आणि टीव्हीवर लावली तेव्हा ती खरोखरच चुकीची झाली होती. म्हणून संपादन करताना वायरचा इअरफोन वापरा.

अंतर एका कापापासून अचानक सुरू होत असेल, तर त्या कापावर काहीतरी घडलंय. बहुतेक वेळा असं होतं: आवाजाचा ट्रॅक हलू नये म्हणून तुम्ही कुलूप लावून ठेवलेलं असतं आणि चित्रातला तुकडा मागचं सगळं पुढे सरकेल अशा पद्धतीने काढता. त्याला रिपल डिलीट म्हणतात. चित्र पुढे सरकतं, कुलपातला आवाज जागच्या जागी राहतो. कधी चित्र आणि आवाज यांना बांधणारी साखळी बंद पडलेली असते. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनच्या वर साखळीचं छोटं चिन्ह असतं, तेच ते. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हींमध्ये, एकाच फाइलमधले चित्र आणि आवाज एकमेकांपासून सरकले की क्लिपवर लाल आकडा उमटतो. तो फ्रेममध्ये असतो, फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर तो आकडा बारा असेल, तर जवळजवळ अर्ध्या सेकंदाची चूक आहे. त्या आकड्याचा माग काढत मागे मागे जा, तो जिथे पहिल्यांदा दिसतो तिथेच दुखणं आहे. पुढचे शंभर काप दुरुस्त करू नका, तो एकच काप दुरुस्त करा.

आणि तिसरी वागणूक, त्या मुलाची. अंतर हळूहळू वाढत जातं. इथे कात्री चालत नाही, कारण चूक कापात नसून वेगात आहे. मोबाइल सेकंदाला तीस फ्रेम घेतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो उजेड आणि स्वतःवरचा ताण बघून गती कमीजास्त करत राहतो. कधी तीस, कधी एकोणतीसच्या आसपास. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. संपादनाचं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम सारख्या अंतरावर आहे असं धरून चाललं, तर चित्र हळूहळू आवाजाच्या पुढे निघून जातं. मीडियाइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल उघडली की फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ की ‘कॉन्स्टंट’ ते लिहिलेलं दिसतं. आम्ही ती मूळ फाइल हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, हेही फुकटच आहे, ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडलं आणि नवी फाइल टाइमलाइनवर ठेवली. त्याने कापलेले नऊ तुकडे काढून रेकॉर्डरचा अखंड आवाज पुन्हा लावला. सुरुवातीची चिपळी जुळवली, मग थेट शेवटच्या अभंगावर गेलो. चिपळ्या मिटल्या त्याच फ्रेमला नाद. तो मुलगा काही बोलला नाही, त्याने तोच अभंग तीनदा लावून बघितला.

यात एक खाचखळगा आहे. दरवेळी मोबाइललाच दोष देता येत नाही. दोन यंत्रं असली की दोन घड्याळं असतात आणि त्यांत सूक्ष्म फरक असतोच. मग ओळखायचं कसं? मोबाइलच्या फाइलमधला स्वतःचा आवाज ऐका. तो स्वतःच्या चित्राशी शेवटपर्यंत जुळत असेल, तर चित्र बरोबर आहे, रेकॉर्डरचं घड्याळ वेगळं चालतंय. तेव्हा रेकॉर्डरच्या आवाजाचा वेग अगदी किंचित, शंभर टक्क्यांच्या जागी शंभर पूर्णांक काही शतांश टक्के, असा बदलावा लागतो. म्हणून शूटिंगच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा आणि संपतानाही एक वाजवा. फिल्मच्या काळात चित्राची रीळ आणि आवाजाची चुंबकीय पट्टी वेगवेगळी असायची, ती जुळवायला क्लॅपचाच आधार होता. शेवटची टाळी बहुतेक जण विसरतात, पण अंतर वाढलं की नाही ते तीच सांगते.

फ्रेम रेटचं बोलतेय तर हेही सांगते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून सभागृहातल्या ट्यूबलाइटखाली 25 फ्रेम आणि 1/50 शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, ठेवलं की उजेड थरथरत नाही. 30 फ्रेमची क्लिप 25 च्या टाइमलाइनवर टाकली तर सहसा आवाज सरकत नाही, पण दर सहा फ्रेममधली एक गाळली जाते आणि कॅमेरा फिरताना चित्र हिसके देतं. रिझॉल्व्हमध्ये नवं प्रोजेक्ट 24 वर उघडतं आणि एकदा काम सुरू झालं की त्या टाइमलाइनचा आकडा बदलत नाही. पहिली क्लिप टाकताना हा आकडा बदलायचा का, असं रिझॉल्व्ह विचारतं, तेव्हा घाईने ‘नको’ म्हणू नका.

सगळ्यात जास्त प्रश्न येतो तो अडखळण्याचा. ‘मॅडम, टाइमलाइन अडकत अडकत चालते, फाइल खराब आहे का?’ फाइल सहसा उत्तम असते. मोबाइलची फाइल दुधाच्या वहीसारखी लिहिलेली असते असं समजा. एक तारखेला पूर्ण नोंद: गायीचं दोन लिटर, म्हशीचं एक. पुढे रोज फक्त ‘कालच्याप्रमाणे’, ‘कालच्याप्रमाणे, पाव लिटर जादा’. वही छोटी राहते, पण तेवीस तारखेला किती दूध आलं हे सांगायला एक तारखेपासून मोजत यावं लागतं. एच.264 आणि त्यानंतरचं एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून छोटा करण्याच्या पद्धतींत असंच असतं, अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि मधे फक्त बदल. तुम्ही टाइमलाइनवर कुठेही बोट ठेवलं की संगणक मागे धावतो, पूर्ण फ्रेम शोधतो आणि तिथून हिशेब करत येतो. चार ट्रॅक असतील तर चार वह्या एकदम. उपाय आहे प्रॉक्सी: सॉफ्टवेअरकडून हलक्या प्रती बनवून घ्यायच्या, त्यांवर काम करायचं आणि एक्सपोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढताना, मूळ फाइलच वापरली जाते. तेवढा वेळ नसेल तर प्रीव्ह्यूचं रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करा. बघताना अडखळलं म्हणून एक्सपोर्ट अडखळत नाही.

बाकीचं भराभर सांगते. कापांच्या मधे काळी चमक दिसली तर एखाद्या फ्रेमची फट राहिलीय. वर-खाली बाणाच्या कीने कापावरून कापावर जा, झूम करा, फट बंद करा. दहा मिनिटांच्या फिल्मचं एक्सपोर्ट तासाभराचं होत असेल तर उजवीकडे दूरवर एखादा हरवलेला तुकडा पडलाय. रिझॉल्व्हमध्ये शिफ्ट-झेड, प्रीमियरमध्ये उलटी तिरकी रेघ दाबली की अख्खी टाइमलाइन एका नजरेत येते आणि तो सापडतो. आणि आपल्या लोकांचं खास दुखणं: शीर्षक मराठीत टाइप केलं, कीबोर्ड मराठीवरच राहिला, मग एकही शॉर्टकट चालत नाही. सॉफ्टवेअर पुन्हा टाकायच्या आधी भाषा बदलून बघा. प्रीमियरमध्ये मराठी जोडाक्षरं फुटत असतील तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडा.

पुढच्या रांगेतल्या काकांनी शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ आणलाय, त्यात लेझीम आणि हलगी जुळत नाहीत म्हणतात. काका, लॅपटॉप इथे आणा आणि पडद्याला जोडा. कुणी काही सुचवू नका. आधी सुरुवात बघू, मग शेवट बघू, अंतर वाढतंय का तेवढं मला सांगा.