नथ

[दृश्य : वाड्याचा जिना, वरून]

जेमतेम दीड हात रुंदीचा हा जिना. वर एक माणूस, खाली एक आणि मधे जुन्या चादरीत गुंडाळलेली माई, म्हणजे तिचं तैलचित्र. "सावकाश रे, कठड्याला लागेल," असं ओरडतायत ते तिचे थोरले चिरंजीव, वय ७७.

नाशिकच्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीतला हा वाडा. गोदावरीला पूर आला की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं हे विचारायचं आणि त्यावरून सामान माडीवर न्यायचं की नाही ते ठरवायचं, ही इथली रीत. १९६९ च्या महापुरात तेवढाही वेळ मिळाला नाही. चित्र तेव्हा ओसरीवर होतं. तळाची चार बोटं भिजली.

[दृश्य : चित्राची मागची बाजू]

ही पाहा ती ओलीची रेघ. आणि हे कापड पाहा. विकतचा कॅनव्हास नाही, साधा मांजरपाट. त्यावर सरस आणि खडूची पूड. चित्र काढणारे मास्तर म्हणजे माईचे यजमान. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, पगार ड्रॉइंग मास्तराचा. नाशिकच्या अनेक चित्रकारांसारखे तेही रविवारी जलरंगाची पेटी घेऊन रामकुंडावर. हे घाट नाशिकचेच चित्रकार शिवाजी तुपे यांच्या जलरंगांतून साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मास्तरांचे घाट मात्र वाड्याबाहेर फारसे गेले नाहीत. तैलरंग महाग, म्हणून त्यांनी तैलचित्र केलं ते हे एकच. समोर बसवायला माणूसही फुकटचाच हवा, म्हणून माई. फ्रेंच चित्रकार सेझाननं बायकोची २९ तैलचित्रं केली. तिकडे रंगांची चणचण नसावी.

पुरानंतर चित्र माडीवर गेलं, ते नेमकं देवघराशेजारी. पन्नासहून अधिक वर्षं समई आणि उदबत्तीची काजळी. घरोघरी अशी चित्रं आहेत. हे पाहणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असेल तर आधी ते देवघरापासून हलवा, निवेदन नंतर ऐकलंत तरी चालेल.

[दृश्य : कसारा घाट, गाडीतून]

मुंबईच्या एका संग्रहालयानं हे चित्र विकत घेतलं. व्यवहाराच्या बैठकीत आम्हाला कॅमेरा नेऊ दिला नाही. किंमत दोन्हीकडून गुलदस्त्यात. चित्र नाशिकलाच राहायला हवं होतं असं आम्हाला वाटतं, आणि ते आम्ही चिरंजीवांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "मग तुम्ही सांभाळता का?"

[दृश्य : प्रयोगशाळा, कापसाचा बोळा]

चित्रसंवर्धक ताई पहिल्यांदा वापरतात ती चक्क लाळ. थट्टा नाही. लाळेतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तेलकट काजळी सैल करतात, रंगाला धक्का लागत नाही. पांढरा बोळा कपाळावरून फिरतो आणि चहाच्या गाळासारखा होऊन वर येतो. असे किती बोळे लागले ते आम्ही मोजायला बसलो होतो. चाळिसाच्या पुढे नाद सोडला.

[दृश्य : अंधार, अतिनील दिवा]

काजळीखाली पिवळं पडलेलं व्हार्निश, म्हणजे रंग वाळल्यावर वरून दिलेला पारदर्शक लेप. अतिनील दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं, आणि त्याच्यावर मागाहून लावलेला रंग काळा दिसतो. माईचा सगळा चेहरा हिरवट धुक्यात आहे. नाकापाशी, वाटाण्याएवढा, काळा डाग.

नथ.

म्हणजे नथ व्हार्निशच्या वर आहे. तैलचित्र वाळून व्हार्निश द्यायला सहा महिने, वर्ष थांबावं लागतं. नथ आली ती त्याच्याही नंतर.

ताईंनी नाशिकला फोन लावला. स्पीकरवर चिरंजीवांचा आवाज :

"माईला नथ नव्हतीच कधी. आमच्या बहिणीच्या लग्नाला पाहुणे यायचे होते. चित्र ओसरीवर, येणाऱ्याच्या तोंडासमोर. माई म्हणाली, ते तेवढं बरं दिसत नाही. मास्तर खुर्चीवर चढले आणि भिंतीवरच रंगवली."

आता पंचाईत अशी, की पिवळं व्हार्निश उतरवलं तर त्यावरची नथही बोळ्याबरोबर निघून येणार. ठेवायची, तर तिच्याखालचं व्हार्निशही ठेवावं लागणार. ताई दोन दिवस त्या जागेला हात न लावता कान, अंबाडा, पदर असं सगळं करत राहिल्या.

[दृश्य : नोंदवही, शिक्का]

बाकीचं थोडक्यात. चित्राला नोंदणी क्रमांक मिळाला. चित्र विकलं तरी छापण्याचे हक्क आपोआप जात नाहीत. या खरेदीत ते मास्तरांच्या वारसांकडेच राहिले. चित्र सध्या भांडारात आहे. भिंतीवर कधी लागेल ते ठरलेलं नाही.

[दृश्य : माईचा चेहरा, अगदी जवळून]

चेहरा उजळलाय. गाल, ओठ, कपाळावरचं कुंकू, सगळं मास्तरांनी लावलं तसं. नथीभोवती मात्र केसाएवढी पिवळी कड राहिली आहे. ताईंनी तिथे बोळा थांबवला.