इंजिन बदललेली जुनी कॅम्पर व्हॅन घेताना

श्रोतेहो, नमस्कार. कॅम्पर व्हॅन म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. अशा जुन्या व्हॅनच्या जाहिरातीत इंजिन बदलल्याचा उल्लेख असला, की किंमत चढते आणि घेणाऱ्याची शंका मावळते. माझ्या मते चौकशी तिथूनच सुरू व्हावी, कारण बसवलेले इंजिन कोरे असू शकते, खोलून पुन्हा बांधलेले असू शकते, किंवा अपघातात मोडलेल्या गाडीतून जसेच्या तसे उचललेलेही असू शकते.

फोक्सवॅगनची 1979 साली आलेली तिसऱ्या पिढीची व्हॅन घ्या. तिचे इंजिन मागच्या बाजूला असते. पुढे त्यात आलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, वेळेवर बदलले नाही तर सिलिंडर हेडचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा, धातू झिजून गळती सुरू होते, म्हणून अनेक मालकांनी तिथे सुबारूचे, तशाच आडव्या सिलिंडरांचे 2.2 लिटरचे इंजिन बसवले. ताकद पुष्कळ वाढते. मात्र गिअरबॉक्स पूर्वीच्या, कमी ताकदीच्या इंजिनासाठी घडवलेला असतो आणि वाढलेला ताण त्यालाच सोसावा लागतो. शिवाय रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्यामुळे कूलंटचे लांब पाइप गाडीखालून जातात, आणि त्यांत हवा अडकली तर उत्तम इंजिनही तापते. तेव्हा खरी परीक्षा इंजिनाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्याभोवतीच्या जोडकामाची असते.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी इंजिन थंडच ठेवण्यास सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन सुरू होताना येणारा निळा धूर आणि खडखडाट लपवते, आणि विक्रेत्यांनाही हे ठाऊक असते. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे त्यात तयार होणारा दाब, मोजून घ्यावे. आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे, एखादा फार खाली असेल तर सौदा थांबवावा. नंतर चढ असलेल्या रस्त्यावर निदान अर्धा तास गाडी चालवून तापमानाचा काटा पाहावा, आणि थांबल्यावर इंजिन चालूच ठेवून रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागतो का, तेही पाहावे. इंजिनाचे आधार, नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेले वायरिंग आणि ऑइलची गळती खाली वाकून तपासल्याशिवाय दिसत नाहीत.

कागदपत्रे हा तितकाच नाजूक भाग आहे. इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणीच्या कागदाशी जुळला पाहिजे. अनेक देशांत वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवल्यास नोंद बदलावी लागते आणि तपासणीही करून घ्यावी लागते. ती झाली नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारण्याचे निमित्त मिळू शकते. बसवणाऱ्या गॅरेजचे बिल, त्यात सुट्या भागांची यादी आणि त्या वेळचे किलोमीटर, एवढे तरी मागावेच.

आतल्या पलंगांविषयी नि चुलीविषयी फार बोलत नाही. गॅसची जोडणी तेवढी जाणकाराकडून तपासून घ्या. गंज मात्र विसरू नका, कारण इंजिन पुन्हा बदलता येते, सांगाडा कुजला तर त्याची डागडुजी गाडीच्या किमतीपलीकडे जाऊ शकते. बिल नाही, क्रमांक जुळत नाही, पण विक्रेता नव्या इंजिनाचे पैसे मागतो, अशा वेळी वापरलेल्या, इतिहास अज्ञात असलेल्या इंजिनाचीच किंमत द्यावी, आणि तीही नोंदणी दुरुस्त करण्याचा खर्च वजा करून. नमस्कार.