सावकाराच्या धोतरावरची शाई

नमस्कार मंडळी. धान घरात आला, मंडया म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रा सुरू झाल्या, आता शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावात दिवसा बैल आन रात्रभर नाटक. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, वडसा गावच्या नाटक कंपन्यांची बुकिंगं धडाधड चालू आहेत. म्हणून म्हटलं आज नाटक लिहिणाऱ्यांशी बोलावं, पात्र खरं कसं वाटते ह्याच्यावर. माझं म्हणणं एकच आहे, खलनायक स्वतःले खलनायक समजत नाही. पुन्हा सांगतो, समजत नाही. त्याच्या लेखी तोच बरोबर असते.

हे मले एका आजीनं शिकवलं.

माझं पहिलं नाटक, त्यात सावकार. मोठ्या मिशा, लाल डोळे, एन्ट्रीलाच हाहाहा करून हसणं, आन वरून माईकले इको. (हा इको एकदाचा बंद करा बापा, बाई रडते का विहिरीत पडली तेच समजत नाही.) समाजमंदिरात तालीम सुरू होती, तर शेजारची आजी नातवाले न्यायले आली आन दारातच बसली. थोड्या वेळानं म्हणते, "असा डोरे वटारनारा सावकार असता तं त्याच्या दारात मी गेली असती का गा?"

सगळे हसले, मी नाही हसलो.

मग तिनं सांगितलं. लगनाची पोरगी घरात, पैसा नाही, म्हणून नवऱ्यासंगं सावकाराकडे गेली. त्यानं आधी पाणी देल्लं, गाय व्याली का विचारलं, पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. कागद पुढं केला, हिनं अंगठा देल्ला, तर अंगठ्याची शाई त्यानं आपल्या पांढऱ्या धोतरानं पुसून देल्ली, वर म्हणे "लुगड्याले लागन बाई". त्या कागदावर धानाच्या दोन बांध्या, म्हणजे शेताचे दोन तुकडे, गेले. आजी म्हणे, अजूनही त्याले शिवी द्यायले जीभ वळत नाही.

त्याच रात्री घरी येऊन मी मिशा खोडल्या, हसणं खोडलं, अर्धे डायलॉग खोडले. ठेवलं काय, तर पाणी, गूळ, धोतर.

आता बाकीचं थोडक्यात. सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच भाषा देऊ नका, मास्तर वेगळा बोलते, गडी वेगळा, आन तोच गडी मालकासमोर अजून वेगळा. आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचं नाव दिल्लीत गेलं, आन आपण अजून टीव्हीवरच्या सासवा उचलून आणतो! आपल्या ओट्यावर काय कमी सासवा आहेत?

तर प्रयोगाच्या रात्री सावकारानं शाई पुसली आन पेंडालात एकदम चिडीचूप, चहावाल्याची किटली तेवढी वाजली. पडदा पडल्यावर नटाले ना शिवी ना टाळी. फक्त त्याची बायको माझ्यावर अजून चिडून आहे, प्रत्येक प्रयोगाले एक धोतर, शाई काही निंघत नाही म्हणे.