हुक कुणी काढला?

पत्रिकेत विषय छापलाय 'बांधकामावरचे अपघात आणि मानवी चूक'. शास्त्राकडे येतोच, आधी एका रकान्याबद्दल बोलू द्या. अपघाताच्या अहवालात 'कारण' असा रकाना असतो. त्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढं लिहिलं की फाइल बंद. या रकान्याशी माझं जुनं भांडण आहे.

एका साइटवर चौथ्या मजल्याच्या परांचीवरून फिटर पडला. जाळीत अडकला म्हणून वाचला, पाय मोडला. अंगात बेल्ट होता, हुक मोकळा. मुकादमाने रकाना भरला. खाली सही कोणाची? माझी. हसा, हसा.

दोन दिवसांनी मीच बेल्ट चढवून वर गेलो. (माझ्या पोटाकडे बघू नका, तेव्हा ते नव्हतं.) बेल्टाला दोरी एकच, हुक एकच. हुक अडकवायची आडवी दोरी, म्हणजे लाइफलाइन, मात्र खांबाखांबाला तुटक बांधलेली. खांब आला की हुक काढा, वळसा घाला, पलीकडे अडकवा. एका हातात पाना, खांद्यावर पाइप. या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा वेळा हुक काढला. सहाव्या खांबाला लावायचा राहिला, आणि खालून मुकादम ओरडला तेव्हा मी आठव्यापाशी होतो! फिटर हीच फेरी दिवसभर मारायचा. दोन दोऱ्यांचा बेल्ट असता तर एक हुक सुटताना दुसरा अडकलेला राहिला असता. त्या बेल्टांचा मागणीअर्ज माझ्याच टेबलावर पडून होता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, आता पळतच सांगतो.

जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने हात चुकणं, विसरणं, अंदाज चुकणं आणि जाणूनबुजून नियम मोडणं वेगवेगळं मांडलं. उपायही वेगळे. विसरणाऱ्याला पुन्हा प्रशिक्षण देऊन काय होणार? त्याला येतंच की! नियम मोडणाऱ्याच्या बाबतीत आधी बघा, नियम पाळून ते काम दिलेल्या वेळात होतं का.

1931 मध्ये हाइनरिश या अमेरिकी विमा कंपनीतल्या सुरक्षातज्ज्ञाने 88 टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात असं लिहिलं. आकडा आजही भिंतींवर दिसतो. त्याने चाळल्या विम्याच्या फायली आणि कारखानदारांच्या नोंदी. त्या भरणारा 'चूक माझी' असं लिहील होय?

शेवटचं. अमेरिकेत विलो आयलंडला 1978 साली कूलिंग टॉवरचं काम चालू होतं. परांची टॉवरच्याच काँक्रीटला बोल्टने धरलेली. आदल्या दिवशीचं काँक्रीट थंडीत पुरेसं घट्ट झालं नव्हतं, तरी त्यावर पुढचा भार आला. 51 माणसं गेली. त्यांतल्या कुणी कसाही हुक लावला असता, तरी तो त्याच परांचीला ना?

हो, उठतो. आमच्या साइटवर दोन दोऱ्यांचे बेल्ट नंतर आले. अहवालातला तो रकाना मात्र अजून तसाच आहे, माझ्या सहीसकट.