तोफखान्यातील डॉक्टर : जॉन मॅक्रे यांचे स्मरण

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर लागला की कॅनडात आणि ब्रिटनमध्ये माणसांच्या कोटांवर युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ पॉपीचे लाल फूल दिसू लागते. या प्रथेमागे ज्यांची 'इन फ्लँडर्स फील्ड्स' ही पंधरा ओळींची कविता आहे, ते लेफ्टनंट कर्नल जॉन मॅक्रे जगाला कवी म्हणून ठाऊक आहेत. मला मात्र आज त्यांच्यातल्या राखीव दलाच्या तोफखाना अधिकाऱ्याविषयी आणि डॉक्टरविषयी बोलायचे आहे, कारण कवितेच्या कीर्तीने त्यांचे हे आयुष्यभराचे काम झाकोळून टाकले आहे.

मॅक्रे यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७२ रोजी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील गेल्फ येथे झाला. एरवी आपापला कामधंदा सांभाळणाऱ्या आणि हाक येताच गणवेश चढवणाऱ्या नागरिकांचे जे मिलिशिया दल तिथे होते, त्याच्या तोफखान्यात वडील अधिकारी होते आणि सतराव्या वर्षी जॉनही वडिलांच्याच बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, दाखल झाले. टोरांटोला वैद्यकी शिकताना शिकवण्या घेऊन त्यांनी फीची सोय केली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी दोघी पुढे ओंटारिओतील पहिल्या महिला डॉक्टरांत गणल्या गेल्या. १९०० साली ते तोफखान्याचे अधिकारी म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात गेले आणि तिथे आजारी व जखमी शिपायांची झालेली आबाळ त्यांच्या मनाला लागून राहिली. परतल्यावर मॉन्ट्रियलमध्ये अध्यापन आणि पॅथॉलॉजीच्या जोडीने त्यांनी संसर्गजन्य रोगांच्या अलेक्झांड्रा रुग्णालयातही काम केले. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात, लहानपणापासून दम्याने गांजलेल्या माणसाने असे वॉर्ड पत्करावेत, हे धैर्य मला रणांगणावरच्या धैर्याहून उणे वाटत नाही.

१९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा एक्केचाळिशीतले मॅक्रे पुन्हा पुढे झाले आणि तोफखान्याच्या पहिल्या ब्रिगेडचे डॉक्टर म्हणून बेल्जियममधील ईप्रला पोहोचले. २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी तिथे क्लोरीन वायू सोडला. त्यानंतरचे सतरा दिवस ब्रिगेड अखंड लढत होती आणि मॅक्रे कालव्याच्या बांधात खोदलेल्या खंदकात जखमींवर उपचार करत होते. त्या दिवसांत अंगावरचे कपडे उतरवायलाही क्वचितच उसंत मिळाली, असे त्यांनी आईला कळवले होते. (याच लढाईत आपली, म्हणजे तेव्हाच्या भारतीय सैन्याची, लाहोर डिव्हिजनही उतरली होती, खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, दोन कंपन्या याच डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या होत्या.) २ मे रोजी मॅक्रे यांचा मित्र लेफ्टनंट ॲलेक्सिस हेल्मर तोफगोळ्याने ठार झाला. हेल्मर बावीस वर्षांचा होता, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून नुकताच इंजिनिअर झालेला. धर्मगुरू हजर नव्हते, म्हणून अंधारात मॅक्रे यांनीच अंत्यविधीची वचने आठवतील तशी म्हटली. कविता आली ती या दफनानंतर.

पुढे त्यांची बदली मॅकगिलच्या लष्करी रुग्णालयात झाली. तोफखाना सोडायला ते मुळीच राजी नव्हते. तरीही रुग्णसेवेत त्यांनी कसूर केली नाही. आघाडीवरचे जवान तंबूत राहतात तर आपणही तंबूतच राहायचे, हा त्यांचा हट्ट प्रकृती ढासळून वरिष्ठांनी हुकूम काढेपर्यंत टिकला. त्यांचा बॉनफायर नावाचा घोडा होता. त्याच्या नावाने ते भाचरांना पत्रे लिहीत आणि सहीच्या जागी टापेचा ठसा काढत. इतक्या मृत्यूंमध्ये वावरणाऱ्या माणसाने घरच्या मुलांसाठी हे सुचवून घ्यावे, याचे मला फार मोल वाटते.

जानेवारी १९१८ मध्ये ब्रिटिशांच्या फर्स्ट आर्मीचे सल्लागार डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली, पण २८ जानेवारीला न्यूमोनिया आणि मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीस. विमेरो येथील दफनभूमीकडे निघालेल्या अंत्ययात्रेत बॉनफायर होता आणि त्याच्या रिकिबीत धन्याचे बूट उलटे अडकवलेले होते.

कबरींमध्ये फुललेल्या पॉपींची ती कविता वाचून मोइना मायकल या अमेरिकन शिक्षिकेने पॉपी लावण्याचा संकल्प केला, अ‍ॅना गेरँ या फ्रेंच बाईंनी तो देशोदेशी नेला आणि १९२१ साली ब्रिटन व कॅनडाने ही प्रथा स्वीकारली. कॅनडात ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारपासून ११ नोव्हेंबरपर्यंत स्वयंसेवक पॉपींचे डबे घेऊन उभे राहतात, लोक त्यांत यथाशक्ती पैसे टाकतात आणि त्या निधीतून गरजू माजी सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना मदत दिली जाते.