कॅम्परचा फ्लोअर दबतोय? प्लाय आणण्याआधी पाणी शोधा

नमस्कार मंडळी.

आधी गाडी बघून घ्या. साधी पिकअप आहे, मागच्या हौद्यात कॅम्परची पेटी बसवलेली. चौकोनी लोखंडी पाइपची फ्रेम, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय, मध्ये थर्माकोल. केबिनच्या टपावर हा जो भाग पुढे आलाय तिथे झोपायची जागा. खाली ओटा, सिंक, पाण्याची टाकी. दार मागच्या बाजूला. वेंगुर्ल्यापासून हरिहरेश्वरापर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने फिरलेली गाडी आहे ही.

आता कॅमेरा जरा खाली घे. अजून खाली. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला, ओट्याच्या पायाशी. मी इथे टाच दाबतो... दिसलं? फ्लोअर आत जातोय, आणि पाय उचलल्यावर वर यायला वेळ घेतोय. विनाइलच्या कडेला, भिंतीला लागून, ही ओली रेघ बघा. दिवाळी होऊन गेली, पाऊस कधीच थांबलाय, टाकी रिकामी आहे. म्हणजे पावसात मुरलेलं पाणी अजून आतच आहे.

गाडीच्या मालकांना सल्ला मिळाला होता की वरून एक १२ एमएमचा प्लाय ठोका, काम झालं. हा सल्ला किनाऱ्यावर सगळीकडे मिळतो, म्हणून आधी त्याच्यावरच बोलतो. तसं कृपा करून करू नका. खालचं लाकूड कुजलंय, म्हणजे नव्या प्लायचे स्क्रू भुशात जाणार. वरून अजून एक थर आला की ओल बाहेर पडायचा उरलासुरला रस्ताही बंद. आणि ८ बाय ४ चा १२ एमएम प्लाय साधारण वीस-बावीस किलो भरतो. ते वजन कुजलेल्या तळावरच लादायचं? दोन पावसाळ्यांत नवा प्लायही जुन्याच्या वाटेने जाईल.

आधी नक्की काय झालंय ते ठरवू, कारण फ्लोअर दबण्याची कारणं वेगवेगळी असतात. पेचकसाची उलटी बाजू, म्हणजे मूठ, फ्लोअरवर ठोकत चला. ऐका. इथे टणक आवाज. इथे टणक. आणि इथे... बसका. चॉकने खूण करा. सगळीकडे टणक आवाज येतोय पण मधोमध उभं राहिलं की फ्लोअर लवतो, तर लाकूड बरं आहे, खालच्या आडव्या पट्ट्या लांब लांब टाकल्यात किंवा त्यांचं वेल्डिंग सुटलंय. आवाज पोकळ येतोय पण टोच्या आत शिरत नाही, तर प्लायचे थर एकमेकांपासून सुटलेत. आणि टोच्या बोटाच्या जोराने आत गेला, बाहेर काढल्यावर टोकाला काळपट ओला भुसा आला, तर ती कूज. हा बघा टोच्या. विचारायलाच नको.

वाळवीचंही एकदा बघून घ्या. पेटी उतरवून महिनोन्महिने जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली असेल तर आपल्या तांबड्या मातीत ती लागतेच. मातीच्या नळ्या दिसल्या की समजायचं.

आता मुख्य गोष्ट. कूज ही बुरशी आहे, आणि तिला जगायला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. त्याखाली ओल गेली की तिची वाढ थांबते. ऐकायला सोपं आहे, पण आपण राहतो कुठे बघा. रत्नागिरीला वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्के. अशा हवेत लाकूड नुसतं टांगून ठेवलं, त्याला पाण्याचा थेंबही लागू दिला नाही, तरी ते हवेतूनच १८ ते २० टक्के ओल ओढून घेतं. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडचं प्रत्येक लाकूड कुजण्याच्या उंबरठ्यावरच उभं असतं. त्यात एक बारीकशी गळती मिळाली की झालं.

म्हणून हे काम दिवाळी ते मे याच दिवसांत करायचं. भर पावसात फ्लोअर उघडून, फॅन लावून, वाळला असं समजून बंद केलात तर ओलच आत कोंडलीत.

आणि म्हणूनच प्लाय आणायच्या आधी पाणी शोधायचं. पाणी जिथे दिसतं तिथे ते सहसा शिरलेलं नसतं. या गाडीत ओल मागच्या दाराशी आहे, त्यामुळे सगळ्यांचा संशय दारावर. आम्ही काय केलं ते दाखवतो. नळाला पाइप लावला, धार मंद ठेवली, आणि खालून सुरुवात केली. आधी चाकाच्या वरचा भाग आणि पेटीचा खालचा जोड. दहा मिनिटं. आत एक जण बॅटरी घेऊन बसलेला. कोरडं. मग दाराची चौकट. कोरडं. मग खिडकी, तीही कोरडी. क्रम खालून वरच का? वरून सुरुवात केलीत तर पाणी ओघळत सगळ्याच जोडांवरून जातं, मग चोर कोण ते कळत नाही.

शेवटी टपावर गेलो. केबिनच्या वर पुढच्या बाजूला हे छोटे दिवे आहेत बघा, रात्री गाडीची उंची दिसावी म्हणून. डावीकडच्या दिव्यावर धार धरली. थोड्या वेळाने आतून हाक आली, "दादा, कपाटात पाणी!" बिछान्याच्या शेजारच्या कपाटात, भिंतीच्या आतून. दिव्याचा एक स्क्रू गंजून सैल झालाय आणि भोवतीचं जुनं सिलिकॉन नखाने सोलून निघतंय.

मग ओल मागे कशी गेली? गाडी उभी असते ते अंगण उताराचं, तोंड चढाला. पुढून शिरलेलं पाणी भिंतीतल्या खालच्या पाइपवरून घरंगळत मागच्या कोपऱ्यात जाऊन साठायचं. दार बिचारं निर्दोष.

गळती नसतानाही ओल होते, तेही सांगून ठेवतो. आत स्वयंपाक करता ना? एक किलो गॅस जळला की जवळजवळ दीड किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. जळण्याच्या रसायनाचाच तो भाग आहे. शिवाय झोपलेल्या माणसांचा श्वास. वरचं झाकण किंवा खिडकी उघडी नसेल तर ही वाफ थंड पत्र्याच्या आतल्या बाजूला पाणी होऊन बसते.

गळती बंद केली. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसून, दिव्याखाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. जुन्या सिलिकॉनवर काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. धार लावून पुन्हा तपासलं. आणि आता फ्लोअर.

पेटी रिकामी केली, बोल्ट काढले, चेनपुलीने उचलली, पिकअप खालून पुढे घेतली आणि पेटी घोड्यांवर टेकवली. पेटी साखळीला लटकलेली असताना कोणीही खाली जायचं नाही, क्षणभरसुद्धा.

बॅटरीची तार काढा, गॅसचा सिलेंडर बाहेर ठेवा. कापायच्या आधी खालून बघून ठेवा, वायर, गॅसची नळी, टाकी कुठून जाते ते. कटरचं पातं प्लायच्या जाडीइतकंच खाली सोडा, त्याहून केसभरही जास्त नको. तोंडाला एन-९५ मास्क, कारण या धुळीत बुरशी आहे.

किती कापायचं? टोच्या जिथे आत जायचा थांबतो तिथून अजून एक वीत पुढे. बुरशीचे बारीक धागे चांगल्या दिसणाऱ्या लाकडातही शिरलेले असतात. आणि कट फ्रेमच्या पाइपच्या मधोमध आला पाहिजे, म्हणजे अर्ध्या पाइपवर जुना प्लाय टेकेल आणि अर्ध्यावर नवा. अधांतरी जोड ठेवलात तर तिथेच पुन्हा दबणार.

हा निघालेला तुकडा जवळून बघा. वरचा थर ठीक दिसतोय, पण कडेने बघितलं तर मधले थर हाताने पानासारखे सुटतायत. प्लाय पाणी पितो तो कडेने. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुजलेल्या भागात इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन, ओतून तो घट्ट करायचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. खिडकीच्या चौकटीचा कोपरा असेल तर चालेल. माणसाचं वजन पेलणाऱ्या फ्लोअरला मी ते करणार नाही. ओल्या लाकडात रेझिन मुरतच नाही, आणि मुरलं तरी लाकडाच्या तंतूंचा जोर परत येत नाही.

आता फ्रेम. खाऱ्या वाऱ्याने वरून तांबूस झालेली आहेच, पण खरी भीती पाइपच्या आतली. हातोडीने हलकेच ठोका. आवाज बदलला तिथे पत्रा पातळ झालाय, तेवढा पाइप वेल्डरकडून बदलून घ्या. बाकीचं आधी गोड्या पाण्याने धुवा. हे चुकवू नका, कारण मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, मीठ राहिलं तर कितीही वाळवा, पुन्हा दमटच. मग वायर ब्रश, गंजावर लावायचं फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं द्रावण, आणि इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पाइपच्या सगळ्यात खालच्या जागी, खालच्या बाजूने, पाच-सहा एमएमचं एक भोक पाडा. पाणी शिरलंच तर बाहेर पडायला वाट हवी.

मध्ये लवत असेल तर जाड प्लायच्या मागे लागू नका, एक आडवी पट्टी वाढवा. हिशोब सांगतो. प्लायचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, १२ चा १८ एमएम केला तर जवळपास साडेतीन पट ताठ होतो, वजन दीडपट. पण दोन पट्ट्यांमधलं अंतर निम्मं केलं तर पायाखालचं लवणं आठपट कमी होतं, आणि वजन वाढतं फक्त एका पाइपचं. या पेटीत अंतर दोन फुटांचं होतं. मधोमध पट्टी टाकून ते एक फुटावर आणलंय, आणि प्लाय १२ चाच.

प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा, म्हणजे मरीन. दुकानात "वॉटरप्रूफ आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, प्लायवरचा छाप वाचा. आयएस ७१० च्या प्लायची ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून परीक्षा होते. आयएस ३०३ मधल्या बीडब्ल्यूआरची (उकळतं पाणी सोसणारा प्लाय) ८ तास. घरातल्या कपाटाला तो ठीक आहे, इथे नको.

आता कडा. प्लाय मापात कापून, जागेवर बसवून बघून, पुन्हा बाहेर काढायचा आणि खालची बाजू, वरची बाजू, चारही कडा इपॉक्सीने भरायच्या. कडांना तीन हात. मिरकरवाड्याला, हर्णेला होड्यांचं फायबरचं काम चालतं, तिथे रेझिन सहज मिळतं, पण ते बहुतेक पॉलिएस्टर असतं. लाकडाला इपॉक्सी जास्त पक्की धरते, म्हणून ती मागून घ्या. रेझिन सकाळी लावू नका. ऊन चढतं तशी लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि कोटिंगमध्ये बुडबुडे धरतात. दुपारी चारनंतर, ऊन उतरताना लावलं तर लाकूड रेझिन आत ओढून घेतं. थोडंथोडंच मिसळा, आणि पसरट ट्रेमध्ये. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापून घट्ट होतं.

स्क्रूची भोकं आधी मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची, सुकली की मधोमध बारीक भोक. म्हणजे स्क्रूच्या वाटेने पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. स्क्रू ३१६ स्टेनलेस स्टीलचे. त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा बरेच टिकतात. प्लाय आणि फ्रेम यांच्यामध्ये पीयू सीलंटची रेघ, भिंतीपासून तीन एमएमची फट, तीही सीलंटने भरलेली.

विनाइल लगेच चिकटवू नका. लाकडातली ओल मोजणारं मॉइस्चर मीटर जुन्या प्लायला लावा, १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला की मगच. या गाडीत मी दाराजवळच्या कोपऱ्यात विनाइलचा एक वीतभर तुकडा न चिकटवता, नुसता कडेच्या पट्टीखाली दाबून ठेवणार आहे. पट्टीचे दोन स्क्रू काढले की खालचा प्लाय दिसेल. मालकांना सांगितलंय, घर शाकारायची वेळ येते तेव्हा, आगोटीआधी, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि गणपती गेले की एकदा, तिथे मीटर लावून बघायचं, आणि त्याच दिवशी टपावर चढून त्या दिव्यांभोवतीचं सीलंटही.

पेटी परत हौद्यात ठेवताना खाली सपाट रबरी मॅट नको, ती पाणी धरून ठेवते. रबराच्या पट्ट्या गाडीच्या लांबीच्या दिशेने टाका, म्हणजे पाणी मधून वाहून मागे जाईल. हौद्याची भोकं माती-पाल्याने बुजलेली असतात, ती मोकळी करून घ्या. आणि सामान भरून, टाकी भरून, एकदा वजनकाट्यावर गाडी नेऊन आरसीवरच्या ग्रॉस वजनाशी आकडा ताडून बघा. आम्ही उद्या सकाळी तिकडेच निघालोय.